राखदाणीशेजारची पट्टी

म्रिका गाडी घेऊन आली तेव्हा
श्कोदरच्या तळ्यावरचं ऊन उतरायचं होतं अजून.
मर्सिडीज, माझ्या थोरल्या लेकाहून दोन वर्षांनी मोठी.
तिरानाच्या रस्त्यावर पंचवीस वर्षं टॅक्सी,
घड्याळ बंद, पायाखालचा गालिचा विरलेला,
आणि राखदाणीशेजारी झेब्रानोची पट्टी
ऑगस्टातल्या गाळासारखी भेगाळलेली.

"नव्यासारखी करा," म्हणाली.
सगळेच म्हणतात. मी मान हलवतो.
मी मूळचा चिफ्तेलीवाला:
दोन तारा, लांब मान,
तुतीच्या ओंडक्यातून पोट कोरायचं.
मग सीमा उघडल्या, गाड्या आत आल्या,
वाद्यं मागणारे बोटीत बसून इटलीला गेले.
तेव्हापासून माझं पोट
डॅशबोर्डवर भरतं.

पट्टी उलटी केली.
मागे पेन्सिलीनं एक आकडा,
कुणा जर्मन कारागिराचा, उजवीकडे कललेला.
पुढे नखाएवढं जाड लाकूड, गाबोनच्या रानातलं,
काळ्या-पिवळ्या रेघांचं,
त्यावर वार्निश, काचेसारखं, काचेइतकंच हट्टी.
भेग आधी वार्निशला पडते, लाकडाला मागाहून.
माणसांचं उलट असतं
असं मला वाटायचं.

गरम हवा धरली. वार्निश फुगलं,
साईसारखं गोळा झालं पात्यापुढे.
जुना सरस पुन्हा कढवला, शिळ्या कढीला ऊत,
आणि सुईतून सोडला
सुटलेल्या पापुद्र्याखाली, थेंब थेंब.
वर मेणकागद, वर ठोकळा, वर शिकंजा.
रात्रभर हात लावायचा नाही.
ज्याला घाई आहे त्यानं सुतारकी करू नये,
खुशाल लग्न करावं.

सकाळी दिसले ते खड्डे.
भेगांच्या गर्दीत इतके दिवस लपलेले,
मसुराएवढे, एकाच जागी दाटीनं.
अंगठीचे.
प्रेंकला मी ओळखायचो:
पहाटे पाचची फेरी, चौकातली उधारीची कॉफी,
जाड चांदीची अंगठी, बोटात रुतलेली.
मी ते तसेच ठेवले.
स्वतःवर खूश होत म्हणालो,
"बघ, बाकी सगळं बुजवलं. ही वडिलांची खूण ठेवली."

ती बघत राहिली. पट्टीकडे नाही,
माझ्या हाताकडे.
"मागच्या सीटवर आम्ही दोघी बहिणी
हे ठोके मोजायचो.
पाचाच्या पुढे गेले
की घरी पोचेपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही."
मग म्हणाली, "काढा."

मी काही बोललो नाही.
ओलं फडकं घातलं, वर इस्त्रीचं टोक टेकवलं.
वाफ.
दबलेलं लाकूड तुटलेलं नसतं,
त्याच्या शिरा पाणी मागत असतात.
एकेक खड्डा वर आला,
झोपेतून उठणाऱ्या पोरासारखा, कुरकुरत.
एक तेवढा आला नाही.
तिथे शीरच तुटली होती.
तिथे तुतीची कपची बसवली,
तीन केसांच्या कुंचल्यानं तिच्यावर रेघा ओढल्या,
काळी, पिवळी, काळी,
रानातल्या झाडाला विचारल्याशिवाय.

मग वार्निश. अकरा हात.
दोन हातांमध्ये एक दिवस,
पाण्यातला कागद, मग त्याहून बारीक,
मग तळहात.

ती न्यायला आली तेव्हा मी पट्टी तिरकी धरली उजेडात.
"इथे दिसतं," म्हणालो. "ठाऊक असलं तर."
तिनं बोट फिरवलं. एकदाच.
"किती वर्षं टिकेल?"
"उन्हात उभी करू नकोस. तळ्याकडे तोंड करून तर नकोच,
पाणी ऊन दुप्पट करून परत देतं.
बाजारातलं चकचकीत तेल लावू नकोस.
काचेखाली काहीतरी पांघरत जा."

पैसे देताना तिनं घासाघीस केली.
बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात चौकात गाडी दिसली.
खिडक्या उघड्या, मागे दोन पोरं भांडताहेत,
डॅशबोर्डवर जुनी चादर,
पिवळ्या लिंबांच्या छापाची,
एका कोपऱ्यात भोक पडलेली.